पुलाचं वजन जातं कुठे?

१. मधेच उंच कशाला?

शहरातल्या कालव्यावर पायी जाणाऱ्यांसाठी बांधलेला कमानी पूल पाहिला की दोन प्रश्न हमखास येतात. लहान मुलं विचारतात, "मधे खांब नाही, वरून दोर नाही, मग हा पडत कसा नाही?" मोठ्यांचा प्रश्न जरा व्यवहारी असतो. काँक्रीटचाच करायचा होता तर सरळ स्लॅब टाकून मोकळं व्हायचं, मधेच उंच कशाला केला? वर चढा, खाली उतरा, सायकल ढकलत न्या.

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण उत्तर देतात, "खालून होडी जावी म्हणून." ते खरं आहे, पण अर्धंच. ज्या पाटात कधी होडी शिरली नाही त्यावरही कमानीचे पूल आहेतच. पुलाचं आणि पुलावरच्या माणसांचं वजन शेवटी जमिनीत जायला हवं, आणि पुलाच्या बरोबर खाली तर पाणी आहे. म्हणजे त्या वजनाला आडवा प्रवास करून काठ गाठावा लागतो. स्लॅब हा प्रवास एका रीतीने घडवतो, कमान अगदी वेगळ्या रीतीने. दोन्हींतला फरक कळला की वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

हा फरक समजून घेण्यासाठी जगप्रसिद्ध पुलांकडे जायची गरज नाही. मोठ्या पुलात इतक्या भानगडी असतात की मूळ गोष्ट हरवून जाते. आपण जपानातल्या क्योटो शहराच्या कालव्यावरचे दोन बुटके पूल घेऊ. त्यातला एक तर आपल्या कोकणातल्या साकवाएवढाच आहे.

२. बिवा सरोवराचं पाणी

१८६९ मध्ये जपानचा सम्राट आणि त्याच्यामागोमाग सारा राज्यकारभार क्योटोहून तोक्योला गेला. हजार वर्षांची राजधानी एकदम ओस वाटू लागली. व्यापारी गेले, कारागिरांचं गिऱ्हाईक गेलं, लोकसंख्या घटली. शहर पुन्हा उभं कसं करायचं, या विवंचनेत १८८१ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेले किटागाकी कुनिमिची यांचं लक्ष शेजारच्या बिवा सरोवराकडे गेलं. जपानातलं हे सगळ्यात मोठं सरोवर क्योटोपेक्षा उंचावर आहे, मधे फक्त डोंगर. डोंगर पोखरून पाणी शहरात आणलं तर शेती होईल, गिरण्या चालतील, मालाच्या होड्या थेट शहरात येतील.

हे काम त्यांनी सोपवलं तानाबे साकुरो या एकवीस-बावीस वर्षांच्या पोरावर. हा नुकताच तोक्योच्या इंजिनियरिंग कॉलेजातून बाहेर पडला होता. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय हाच कालवा. पाहणी करताना उजव्या हाताच्या बोटाला इजा झाली, तेव्हा पठ्ठ्याने नकाशे आणि मजकूर डाव्या हाताने पुरा केला होता. त्या काळी जपानात मोठी बांधकामं परदेशी तज्ज्ञांच्या हाताखाली होत. इथे मात्र अख्खा प्रकल्प जपानी माणसांनी केला. काम १८८५ मध्ये सुरू झालं, १८९० मध्ये पाणी वाहू लागलं. पहिला बोगदा २,४३६ मीटर लांब होता, जपानात तोवर एवढा लांब बोगदा कुणी खणला नव्हता. लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेने पुढे १८९४ मध्ये तानाबेला टेलफर्ड पदक दिलं.

कालव्याचं काम चालू असतानाच तानाबे अमेरिकेला जाऊन आला. कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेन गावी त्याने पाण्यावर चालणारं वीजकेंद्र पाहिलं आणि परत आल्यावर पाणचक्क्यांचा बेत गुंडाळून सरळ वीज करायचं ठरवलं. १८९१ मध्ये केआगे इथलं केंद्र सुरू झालं, १८९५ मध्ये त्याच विजेवर क्योटोत जपानची पहिली विजेची ट्राम धावली. नवं काही दिसलं की घरी आणून करून बघायचं, हा या माणसाचा स्वभाव. पुलांची गोष्टही त्याच स्वभावातून आली.

कालवा क्योटोच्या यामाशिना भागात डोंगराच्या पायथ्याला बिलगून जातो. तिथल्या हिनोओका परिसरात १९०३ मध्ये तानाबेने एक चिमुकला पूल बांधला. क्रमांक अकरा. साधारण सात मीटर लांब, दीड मीटर रुंद, जवळजवळ सपाट. तोवर तानाबे क्योटोच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला होता. सळईच्या जागी त्याने बांधकामावरच्या ढकलगाड्यांचे हलके रूळ काँक्रीटच्या पोटात घातले. देशातला पहिला लोखंडी काँक्रीटचा पूल, असा मजकूर कोरलेला दगड त्या पुलाशेजारी उभा आहे. वर्षभरात, १९०४ मध्ये, थोड्याच अंतरावर दहा क्रमांकाचा पूल झाला. हा मात्र सपाट नाही, चांगली डौलदार कमान आहे.

आधी सपाट, मग कमान. दोन्ही एकाच माणसाचे, एकाच कालव्यावरचे, एकाच मालाचे. आपल्याला याहून सोयीची जोडी मिळणार नाही.

३. खडू मोडून पाहा

खडूचा एक तुकडा घ्या आणि दोन्ही टोकांकडून आत दाबा. बोटं दुखतील, खडूला काही होणार नाही. आता तोच खडू दोन्ही हातांनी वाकवा. कट्कन मोडेल. वाकवताना त्याची आतली बाजू दबते आणि बाहेरची बाजू ताणली जाते. तुकडा पडतो तो ताणलेल्या बाजूकडून.

काँक्रीटचा स्वभाव तंतोतंत असाच आहे. घरांसाठी वापरतात त्या साध्या काँक्रीटचा चौकोनी ठोकळा दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोपर्यंत दाब सोसतो. ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे वीस-पंचवीस किलो. दाबाला वाघ आणि ताणाला शेळी.

आता एक हिशोब करू. समजा आपल्याला दहा मीटरचा गाळा ओलांडायचा आहे. (गाळा म्हणजे दोन टेकूंमधलं मोकळं अंतर.) पूल दीड मीटर रुंद, पंचवीस सेंटिमीटर जाड. काँक्रीटच्या एका घनमीटरचं वजन सुमारे २.४ टन, म्हणून पुलाचं वजन भरतं ९ टन. त्यावर सणाच्या दिवशी माणसं खच्चून उभी राहिली तर दर चौरस मीटरला पाचशे किलो धरतात. म्हणजे आणखी साडेसात टन. सोयीसाठी एकूण १६ टन म्हणू.

हा पूल सपाट स्लॅब असेल तर तो दोन्ही काठांवर टेकून मधे किंचित झुकतो, म्हणजेच वाकतो. वरची बाजू दबते, खालची ताणली जाते. गणित केलं तर मध्यावर खालच्या कडेला दर चौरस सेंटिमीटरला सव्वाशे किलोच्या वर ताण येतो. काँक्रीट सोसतं पंचवीस. एकही माणूस वर चढायची गरज नाही. नुसत्या स्वतःच्या वजनानेच ताण सत्तरच्या पुढे जातो, त्यामुळे खालचा लाकडी साचा काढल्याबरोबर पूल पाण्यात.

म्हणून स्लॅबच्या खालच्या अंगाला लोखंड घालावं लागतं. आपल्या उदाहरणात त्या लोखंडाला जवळजवळ शंभर टनांची ओढ सोसायची आहे. सोळा टन वजनासाठी शंभर टन ओढ! स्लॅब पातळ असला की हे असंच होतं, कारण दबणारी वरची बाजू आणि ताणलेली खालची बाजू यांच्यात वीसेक सेंटिमीटरचंच अंतर उरतं आणि तेवढ्या तोकड्या अंतरात सगळी झुंज चालते. अकरा क्रमांकाच्या पुलात ही ओढ पेलायला ढकलगाडीचे रूळ होते.

४. दोघांनी एकमेकांवर रेलायचं

आता तोच स्लॅब मधे एक मीटर उचलून कमान करू.

दोन माणसं समोरासमोर उभी राहून तळहाताला तळहात लावून एकमेकांवर रेलली, तर दोघंही तिरकी असून पडत नाहीत. प्रत्येकाचा तोल गेलेलाच असतो, फक्त समोरचा त्याला पडू देत नाही. हाताला ओढ कुठेच नाही, सगळा रेटाच. मात्र फरशी गुळगुळीत असली आणि पायात मोजे असले की दोघांचे पाय मागे सरकायला लागतात. कमानीचं सगळं मर्म यात आलं: वर एकमेकांना रेटा, खाली पायांना मागे सरकायची ओढ.

मधोमध कापल्याची कल्पना करून फक्त डावी अर्धी कमान पाहा. तिचं वजन आठ टन. हे वजन तिच्या साधारण मध्यावर, म्हणजे डाव्या काठापासून अडीच मीटरवर एकवटलंय असं धरू. पायाभोवती फिरून ते या अर्ध्या कमानीला पाण्याकडे पाडू पाहतं. ती पाडण्याची ताकद आठ गुणिले अडीच, म्हणजे वीस. तिला धरून ठेवणारं कोण? माथ्याशी उजव्या अर्ध्या कमानीचा आडवा रेटा. तो पायापासून एक मीटर उंचावर काम करतो, म्हणून रेटा गुणिले एक बरोबर वीस. रेटा वीस टन. हिशोब संपला. इंजिनियरिंगच्या पुस्तकात याचंच सूत्र असतं: एकूण वजन गुणिले गाळा, भागिले आठ पट उंची.

हे वीस टन दीड मीटर रुंद आणि पंचवीस सेंटिमीटर जाड काँक्रीटवर पसरले की दर चौरस सेंटिमीटरला येतात पाच-साडेपाच किलो. तेही दाबाचे. दोनशे सोसणाऱ्या मालाला हे काहीच नाही. स्लॅबमध्ये ज्या काँक्रीटचे तुकडे पडले असते, ते कमानीत आळसावून बसलेलं आहे.

सूत्रात उंची खाली आहे, हे लक्षात ठेवा. उंची दोन मीटर केली तर रेटा दहा टनांवर येतो. अर्धा मीटर केली तर चाळीसवर जातो. कमान जितकी चपटी, तितकी ती काठांना जोरात ढकलते. सायकल ढकलताना चढ नकोसा वाटतो, हे अगदी मान्य. पण तो चढ काढून टाकला तर त्याची किंमत काठ मोजतात.

५. साखळी उलटी करा

पण कमानीचा आकार नेमका कसा असावा? अर्धवर्तुळ? अंड्याची कड? डोळ्याला बरं दिसेल ते?

यावरचं उत्तर इंग्लंडच्या रॉबर्ट हूकला सतराव्या शतकात सापडलं होतं. त्याने ते १६७५ च्या सुमारास छापलंही, पण अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात, म्हणजे शोधाचा मान आपला आणि गुपितही आपल्याजवळच. कोडं उलगडून जगासमोर आलं ते त्याच्या मृत्यूनंतर. शास्त्रज्ञ किती खडूस असू शकतात याचा हा एक नमुना.

हूकचं म्हणणं घरी तपासता येतं. बारीक कड्यांची साखळी दोन्ही हातांत धरून सैल सोडा. साखळी वाकण्याला विरोध करूच शकत नाही, तिला फक्त ताणता येतं. म्हणून ती आपोआप असा आकार घेते की तिच्यात ताणाखेरीज दुसरं काही उरत नाही. हा आकार कागदावर काढून घ्या आणि कागद उलटा करा. जिथे ताण होता तिथे आता तेवढाच दाब आहे. म्हणजे अशा आकाराच्या कमानीत नुसता दाब असतो, ताणाचा लवलेश नाही. सपाट फरशीसारखं वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर हा आकार शाळेत शिकलेल्या पॅराबोलाचा येतो. साखळीचा स्वतःचा आकार त्याहून किंचित वेगळा असतो, पण आपल्या पुलासारख्या बसक्या कमानीत तो फरक डोळ्याला दिसतही नाही.

आता त्याच साखळीच्या डाव्या बाजूला एक किल्ल्यांचा जुडगा अडकवा. साखळी लगेच आकार बदलते, डावीकडे खाली जाते आणि उजवीकडे वर सरकते. वजनाची मांडणी बदलली की सोयीचा आकारही बदलतो. साखळीला ते जमतं. काँक्रीटने काय करायचं?

६. मग लोखंड कशासाठी?

समजा कालव्यात दिवे सोडायचा कार्यक्रम आहे आणि सगळी गर्दी पुलाच्या डाव्या अर्ध्यातच जमली आहे. उजवा अर्धा मोकळा. दाब ज्या वाटेने काठाकडे उतरतो, ती दाबाची वाट आता कमानीच्या बरोबर मधून जात नाही. डावीकडे ती वर सरकते, उजवीकडे खाली. आपल्याच पुलाचे आकडे घातले तर ती मध्यरेषेपासून साधारण सात सेंटिमीटर ढळते.

सात सेंटिमीटर चालतील का? याचा जुना, गवंड्यांच्या काळापासूनचा ठोकताळा आहे. कमानीच्या जाडीचे तीन सारखे भाग करा. दाबाची वाट मधल्या भागात राहिली तर सगळं काँक्रीट दबलेलंच राहतं. मधला भाग सोडून बाहेर गेली की पलीकडच्या कडेला ताण सुरू होतो. पंचवीस सेंटिमीटर जाडीत मध्यरेषेपासून दोन्हीकडे चार-चार सेंटिमीटरच मोकळे मिळतात. आपण सातवर आहोत. म्हणजे कमान कोसळणार नाही, पण कडेला बारीक चिरा पडायची शक्यता आहे.

यावर दोन उपाय. पहिला रोमन लोकांचा आणि आपल्या जुन्या दगडी पुलांचा: कमान इतकी जाड आणि वरची भर इतकी जड करायची की माणसांच्या वजनाने काही फरकच पडू नये. दुसरा उपाय एकोणिसाव्या शतकातला. जिथे ताण येण्याची शक्यता आहे तिथे लोखंड घाला आणि कमान बारीक ठेवा.

या दुसऱ्या वाटेवर सुरुवातीचं पाऊल टाकलं ते जोसेफ मोनिये या फ्रेंच माळ्याने. झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून तो काँक्रीटमध्ये तारांची जाळी घालायचा. १८६७ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं आणि १८७५ मध्ये शाझले इथल्या एका गढीच्या खंदकावर सोळा मीटरचा पूल बांधून दाखवला. पुढे त्याच पद्धतीने १८९० मध्ये स्वित्झर्लंडच्या विल्डेग इथे सिमेंट कारखान्याच्या कालव्यावर सदतीस मीटरची एकच कमान टाकली गेली. माथ्याशी तिची जाडी वीस सेंटिमीटरच्या आसपास होती. ही कमान १९७३ मध्ये पाडेपर्यंत टिकली.

स्लॅबमध्ये लोखंड सतत, दिवसरात्र कामावर असतं. ते काढलं तर पूल त्याच क्षणी खाली. कमानीत लोखंड बहुतेक वेळ नुसतं बसून असतं, गर्दी एका बाजूला झाली तेवढ्यापुरतं कामाला लागतं. दोन्हींना आपण 'लोखंडी काँक्रीट' म्हणून मोकळे होतो, पण लोखंडाची नोकरी दोन्हीकडे वेगळी आहे.

७. वाहत्या पाण्यावर साचा कसा बांधायचा?

काँक्रीट ओलं असताना त्याला स्वतःचा जोर नसतो. म्हणून आधी कमानीच्या आकाराचा लाकडी साचा, म्हणजे सेंटरिंग, उभं करावं लागतं. कोरड्या ओढ्यात ते सोपं. वाहत्या कालव्यात मात्र बल्ल्या रोवायच्या कुठे? आणि क्योटोच्या कालव्यातून तर माल आणि माणसं घेऊन होड्यांची ये-जा चालू होती. पाणी थांबवलं तर वीजकेंद्र बंद.

यावर व्हिएन्नात जन्मलेल्या जोसेफ मेलान नावाच्या इंजिनियरने १८९२ मध्ये युक्ती काढली. बारीक सळया सोडून त्याने काँक्रीटच्या पोटात जाडजूड लोखंडी कमानीच घातल्या, शेजारी शेजारी. या कमानी आधी उभ्या करायच्या. त्या स्वतःच्या जोरावर उभ्या राहतात. मग साच्याच्या फळ्या त्यांनाच खालून टांगायच्या आणि काँक्रीट भरायचं. पाण्यात एकही बल्ली नको. काँक्रीट घट्ट झालं की लोखंड आत कायमचं राहतं आणि कमानीचाच भाग होतं. लोखंड जास्त लागायचं, हा तोटा. पण जिथे खाली आधार घेणं अवघड, तिथे हा तोटा परवडायचा. स्लोव्हेनियाच्या राजधानीतला प्रसिद्ध ड्रॅगन पूल १९०१ मध्ये याच रीतीने झाला, अमेरिकेतही १८९४ पासून ही रीत पसरली. आणि तानाबेने क्योटोत धरली तीही हीच. रूळ हे त्या पद्धतीला अगदी चपखल बसणारं लोखंड. ताठ असल्यामुळे ते सळईसारखे लोंबत नाहीत.

काँक्रीट भरण्याचीही एक शिस्त आहे. एका काठाकडून सुरू करून दुसऱ्याकडे गेलात तर अर्ध्या वाटेवर साचा एकीकडे दबतो आणि कमानीचा आकारच बिघडतो. किल्ल्यांचा जुडगा अडकवलेली साखळी आठवा. म्हणून दोन टोळ्या दोन काठांवरून एकाच वेळी निघतात, सारखी घमेली टाकत वर येतात आणि माथ्याशी भेटतात. मुकादमाचं अर्धं लक्ष मालाकडे, अर्धं समोरच्या टोळीकडे. पुढे पाणी मारायचे दिवस पुरे झाले की सेंटरिंग सोडायचं, तेही एकदम नव्हे. माथ्याखालच्या पाचरी आधी थोड्या सैल करायच्या, मग दोन्हीकडे सारख्या खाली खाली येत जायचं. कमान काही मिलिमीटर बसते, काठांना पहिल्यांदा रेटते, आणि तिथून पुढे स्वतःच्या पायावर उभी राहते.

८. गंज

आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या इमारतींच्या स्लॅबचे पोपडे पडतात, आतली तांबूस सळई उघडी दिसते. काँक्रीटमधला चुना लोखंडाभोवती अल्कधर्मी आवरण धरून ठेवतो, तोवर गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत गेला की हे आवरण संपतं. मग गंज सुरू होतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तोच आतून काँक्रीट फोडून काढतो.

स्लॅबची खालची बाजू कायम ताणलेली, म्हणून तिथे केसासारख्या चिरा असतातच, आणि त्यातून ओल थेट लोखंडापर्यंत जाते. कमान दबलेली असल्यामुळे चिरा मिटलेल्या राहतात. शिवाय लोखंड थोडं कमी झालं तरी कमानीचं रोजचं ओझं त्याच्यावर नसतंच. म्हणून त्याच वयाची कमान सपाट स्लॅबपेक्षा जास्त माफ करते, असं माझं स्पष्ट मत आहे. कमानी पूल चढाला वैतागून पाडायला निघालेल्या नगरसेवकांनी हे एकदा ऐकावं.

अकरा क्रमांकाच्या सपाट पुलाला आज चहूबाजूंनी लोखंडी चौकटीचा पिंजरा घातलेला आहे, म्हातारा पूल जपण्यासाठी. १९९६ मध्ये क्योटोच्या कालव्याच्या बारा जागांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. बोगद्यांची तोंडं, पाणी वाहून नेणारी विटांची कमानपंगत, होड्या रुळांवरून चढवण्याचा उतार यांच्या मांदियाळीत हे दोन किरकोळ दिसणारे पूलही आहेत. मालाच्या होड्या १९५१ च्या सुमारास बंद पडल्या. २०१८ पासून वसंतात आणि शरदात पर्यटकांची बोट पुन्हा चालते, त्यामुळे या पुलांची पोटं खालून पाहायची सोय झाली आहे.

९. काठ कच्चे असले तर?

आता मोजे घातलेल्या पायांकडे परत येऊ. आपल्या पुलाचे वीस टन आडवे काठांवर आदळत आहेत. इंजिनियर ज्याला अ‍ॅबटमेंट म्हणतात तो काठावरचा भक्कम टेकू हा रेटा घेतो आणि मागच्या मातीत पसरवतो. खडक असेल तर चिंता नाही. पण शहरातले कालवे बहुधा भरावातून, गाळातून जातात. एक काठ केवळ एक सेंटिमीटर मागे सरकला तर आपल्या कमानीचा माथा किती खाली येईल? अडीच सेंटिमीटर. चपट्या कमानीत त्याहून जास्त, आणि माथा खाली आला की उंची कमी, उंची कमी की रेटा आणखी जास्त. एकदा सुरू झालं की प्रकरण स्वतःलाच खतपाणी घालतं. व्हेनिसच्या ग्रँड कॅनॉलवर २००८ मध्ये झालेला सांतियागो कालात्रावांचा पूल पोलादी आहे, पण अतिशय चपटा. गाळावर बसलेले त्याचे पाये सरकतात का, हे सतत मोजत राहावं लागतं.

काठावर विश्वास नसेल तर दोन्ही पायांना जमिनीलगत पोलादी दांड्यांनी एकमेकांशी बांधून टाकायचं. डावा पाय डावीकडे ढकलतो, उजवा उजवीकडे, दांडा दोघांनाही ओढून धरतो. काठाला मग आडवं काही कळतच नाही.

२०२१ मध्ये व्हेनिसच्या एका बागेत असा पूल मांडला गेला. नाव स्ट्रायटस. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या मंडळींनी झाहा हदीद यांच्या कार्यालयाबरोबर तो रचला. काँक्रीटचे ५३ ठोकळे त्रिमितीय छपाईच्या यंत्राने थरावर थर देऊन केले होते. थरांची दिशाही अशी ठेवली होती की दाब त्यांना एकमेकांवर घट्ट बसवेल. ठोकळ्यांमध्ये चुना नाही, सिमेंट नाही, पोटात सळई नाही. आकार इतका नेटका की दाबाची वाट कुठेच ठोकळ्यांबाहेर जात नाही, त्यामुळे ताण सोसायला लोखंड लागतच नाही. त्या पुलातलं पोलाद मुख्यतः पायांशी होतं, रेटा बांधून ठेवणाऱ्या दांड्यांमध्ये. बागेच्या मातीला फक्त उभं वजन मिळत होतं, म्हणून तिथे खोल पाये खणावे लागले नाहीत, आणि प्रदर्शन संपल्यावर ठोकळे सुटे करून उचलता आले.